मिस्त्रीचा फेटा

“हे काय आहे जी काका? मले तर यातलं एक अक्षर वाचता येत नाही.”

नगरपरिषदेच्या बांधकाम खिडकीमागे बसलेल्या संगीता मॅडमनी ते प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड आधी सरळ धरलं, मग उलटं धरलं आणि शेवटी पंख्याच्या वाऱ्यानं फडफडणाऱ्या फायलींवर ठेवून दिलं. खिडकीच्या अलीकडे भीमसिंग मिस्त्री उभा होता. पांढऱ्या मिशा, डोक्याला गुंडाळलेला सिमेंटच्या डागांचा दुपट्टा, आणि अंगात त्या दिवसासाठी मुद्दाम इस्त्री करून आणलेला सदरा. त्याच्या शेजारी पुतण्या संजय, एसटीच्या कंडक्टरचा खाकी शर्ट घालून, दर दोन मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ बघत होता.

“तेलुगू हाय मॅडम,” भीमसिंग म्हणाला. “आदिलाबादचं. खाली इंग्रजीत बी लिव्हलं हाय. बांधकाम सुपरवायजरचं लायसन हाय माह्यं. पुतन्याचं घर मी बांधून राह्यलो, तं अर्जावर सुपरवायजर म्हून माह्यं नाव लिव्हाचं.”

“तिकडचं लायसन इकडे नाही चालत, काका.”

“काहून नाही चालत? पैनगंगा वलांडली का भिंत वाकडी होते का?”

रांगेतले लोक हसले. मॅडमही हसल्या. बाई काही वाईट नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं, “भिंत नाही हो वाकडी होत. पण उद्या पडली तर मी कोणाले धरू? इथल्या लायसनवाल्याले मी नोटीस देऊ शकते, त्याचं लायसन काढून घेऊ शकते. तुमचं लायसन देणारे नदीपलीकडे. त्यांनी दिलं, काढायचं तर त्यांनीच काढावं. माह्या हातात काय राह्यलं, सांगा.”

समोरचा माणूस आडमुठा असला तर चार शब्द सुनावून तरी मोकळं होता येतं. समोरचा बरोबर बोलत असला की माणसाची सगळी पंचाईत होते.

“मंग इकडचं काढून द्या.”

“दहावीची मार्कशीट लागते. अन् इथल्या एखाद्या लायसनवाल्याच्या हाताखाली काम केल्याचा दाखला.”

दहावी! भीमसिंग तांड्यावरच्या शाळेत चौथीपर्यंत गेला होता, तेही मास्तर आले त्या दिवशी. आणि हाताखालचं म्हणाल तर सगळी उमर पलीकडच्या उस्तादांच्या हाताखाली गेलेली. तेवढ्यात मॅडमना कार्डावरची इंग्रजी तारीख दिसली. “अन् हे बी या महिन्यात संपून राह्यलं, काका. तिकडे जाऊन नवं करून घ्या आधी.”

नवं करायला तिकडचा पत्ता लागत होता, आणि तिकडची खोली सोडून तर भीमसिंग आला होता. त्यानं कार्ड उचललं, दुपट्ट्याच्या टोकानं पुसलं आणि खिशात टाकलं.

बाहेर पडल्यावर संजयनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, टेन्शन घेऊ नका. राजकुमार साहेब आपल्या वळखीचा हाय, इंजिनेर हाय, लायसनवाला हाय. त्याची सही घेऊ. काम तं तुमीच करनार ना?”

“अन् नाव?”

“नाव कागदावर त्याचं. कागदाले कोन पाह्यते?”

“अन् पाटी?”

प्लॉटसमोर जी पाटी लावावी लागते, मालक कोण, पर्यवेक्षक कोण, ती. संजय जरा घुटमळला. “पाटीवर बी त्याचंच येईन. नियम हाय ना काका.” आणि त्याची गाडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून तो डेपोकडे पळाला.

भीमसिंग मिस्त्री मूळचा केळापुराकडच्या एका तांड्यातला. पोरसवदा वयात मजुरांच्या टोळीबरोबर नदी ओलांडून गेला तो तिकडचाच झाला. इथून गेला तेव्हा डोक्यावर घमेलं होतं. तिथं एका उस्तादानं हातात थापी दिली, ओळंबा दिला, आणि पुढे तर आदिलाबादच्या निम्म्या गल्ल्यांत त्यानं कुठं ना कुठं एक तरी भिंत चढवली. तिथले लोक त्याला ‘मेस्त्रीगारू’ म्हणायचे. ‘गारू’ म्हणजे आपलं ‘साहेब’च समजा. मधे कधी तरी तिथल्या कचेरीनं जुन्या मिस्त्र्यांना बोलावून तोंडी परीक्षा घेतली आणि लायसन दिलं. भीमसिंगची बायको जमनी त्या दसऱ्याला थापी, ओळंबा आणि ते कार्ड एका ओळीत मांडून हळदकुंकू वाहत होती. “आता तुमी सरकारी मिस्त्री झाले,” म्हणाली होती. बाप्पा, केवढी फुगली होती ती!

आता फेट्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलेलं आहे.

नदीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, घराच्या मोठ्या दाराची चौकट ज्या दिवशी उभी राहते त्या दिवशी पूजा होते, नारळ फुटतो आणि चौकट बसवणाऱ्या मिस्त्रीला फेटा बांधतात. हा मान पगारात धरत नाहीत आणि कुणी मागूनही घेत नाही. भीमसिंगला असे पुष्कळ फेटे मिळाले. तांबडे, केशरी, लिंबाच्या रंगाचे, एक तर चक्क जांभळा. जमनीनं एके वर्षी ते सगळे पेटीतून काढले, कापले आणि त्यांची गोधडी शिवायला घेतली. तांड्यातली बाई ती, सुईची जात. बारीक टाके, कडेला कवड्या, मधे मधे आरसे. गोधडी पुरी झाली तेव्हा भीमसिंगला दिसलं, ऐन मधला एक चौकोन कोराच आहे. नुसतं मांजरपाट.

“हे काय, कपडा पुरला नाही का?”

“पुरला ना. हे जागा आपल्या घरच्या फेट्याची.”

“आपलं घर कुठी हाय?”

“व्हईन. आपल्या मान्साईपैकी कोनाचं तं व्हईन. तिथी तुमी चौकट बसवसान, तो फेटा मी इथी लावीन. बाकीचे सारे लोकाईचे हायेत.”

ते व्हायच्या आधीच जमनी तापानं गेली. दिवसकार्याला संजय आला होता. रडून भागल्यावर तो म्हणाला, “काका, मी तालुक्याले प्लॉट घेतला. घर तुमीच बांधा. दुसऱ्या कोनाले मी हात लावू देनार नाही.” पोरगं सहज बोलून गेलं असेल, पण भीमसिंगनं ते वाक्य धरून ठेवलं. महिन्याभरात खोली सोडली, हत्यारं पोत्यात बांधली, गोधडी काखेत मारली आणि बसमध्ये बसला. एकटा माणूस, आवरायला असं असतं किती!

आपल्या मुलखात परत आलो की सगळं जिथल्या तिथं सापडेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मोठा भाऊ केव्हाच गेला होता. बरोबरीचे कुणी मेले, कुणी पुण्याला पोरांकडे गेले. मोठी भावजय बिजलीभाभी तेवढी राहिली होती, तीही संजयच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात नातवंडांमध्ये गुंतलेली. त्या घरात आणखी एक खाट मावत नव्हती. म्हणून भीमसिंगनं प्लॉटवरच टिनाची खोली टाकली. तिथं चूल, खाट, पोतं आणि गोधडी.

कामावरच्या बायका त्याला ‘आंध्रावाले काका’ म्हणायच्या. त्याची बोलीही त्याला दगा द्यायची. घाईत असला की तो विटेला ‘इटुका’ म्हणायचा आणि रेतीला ‘इसुका’, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. “काका, इटुका देऊ का इसुका देऊ?” तोही हसायचा. पण संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले की त्या अर्ध्या भिंतींमध्ये बोलायला कुणी उरत नसे. एक कुत्रं यायचं. त्याच्याशी तो तेलुगूत बोलायचा, आणि मग त्याचं त्यालाच कसनुसं व्हायचं.

अधूनमधून आदिलाबादहून नरसय्याचा फोन यायचा. नरसय्याचं घर भीमसिंगनं बांधलं होतं, आता त्याला वरचा मजला चढवायचा होता. “मेस्त्रीगारू, एप्पुडु वस्तारु?” मिस्त्री, कधी येता? भीमसिंग ‘बघू’ म्हणायचा. फोन ठेवल्यावर थोडा वेळ त्याला बरं वाटायचं.

राजकुमार साहेब म्हणजे तिशीतला पोरगा. मोटारसायकलवर यायचा, चपला काढून पायव्यात उतरायचा आणि भीमसिंगला काका म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्यानं कॉलमच्या सळयांना बांधलेल्या रिंगा बघितल्या आणि मान हलवली. “काका, खाली काळी माती आहे. या रिंगा आणखी जवळ घ्या.” भीमसिंगची सवय जुनी होती, पण पोरगा बोलला ते बरोबर होतं, हे त्याला कळलं. त्यानं बांधलेल्या रिंगा सोडवल्या आणि पुन्हा बांधल्या. त्या पोराचा त्याला कधी राग आला नाही. राग यायला काही कारणच नव्हतं, आणि कधी कधी त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

पाटी आली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं: मालक संजय आणि त्याची बायको वर्षा, परवानाधारक पर्यवेक्षक राजकुमार ढोले. पेंटरनं ती भिंतीला टेकवून ठेवली आणि निघून गेला. खड्डा भीमसिंगनंच खणला, पाटी उभी केली, ओळंबा सोडून सरळ केली आणि बुडाशी गिट्टी ठोकली. नाव कुणाचं का असेना, वाकडी पाटी त्याला बघवली नसती.

‘जाऊ द्या,’ त्यानं मनाला समजावलं. ‘कागद कचेरीचा, पाटी कचेरीची. फेट्याले कुठी लायसन लागते?’ चौकट तो बसवणार होता. चौकट बसवणाऱ्याला फेटा मिळतो, हे नदीच्या दोन्ही काठांवर खरं होतं. तेवढ्यापुरता तो निर्धास्त होता.

चौकटीचा दिवस ठरला. सागाची चौकट यवतमाळहून आली. बिजलीभाभी कामावर जेवण घेऊन आली तेव्हा तिनं सगळं सांगितलं. “मिस्त्रीचा फेटा वर्षाच्या माहेरून येते. आपल्यात तसंच हाय ना भिमा, तुले आठवत नसन. पोरीचा उंबरा ज्यानं बांधला, त्याच्या डोक्शावर पोरीचा बाप फेटा बांधते. धरमसिंग नाईक सोता येऊन राह्यले दिग्रसहून.”

भीमसिंगला आठवत नव्हतं, पण ऐकून फार बरं वाटलं. परक्या घरधन्यानं नव्हे, व्याह्यानं बांधलेला फेटा! जमनी असती तर तिनं आत्ताच सुईत दोरा ओवला असता. आदल्या दिवशी त्यानं गोधडी धुतली आणि नव्या भिंतीवर वाळत टाकली. न्हाव्याकडे जाऊन मिशा कोरून आला. सगळं गुपचूप. गोधडीतल्या कोऱ्या चौकोनाबद्दल त्यानं ना भाभीला सांगितलं, ना संजयला. सांगितलं असतं तर संजयनं दुकानातून दहा फेटे आणून दिले असते. पण मान मागून घेतला तर तो मान कसला?

धरमसिंग नाईक आपल्या तांड्यातल्या चार-सहा माणसांसकट आले. भरदार माणूस, पांढरंशुभ्र धोतर, आवाज असा की दूरच्या वावरातला माणूस वळून बघेल. “जय सेवालाल!” म्हणत उतरले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, भीमसिंगला कडकडून भेटले. “व्याही, आंध्रा सोडून आले म्हने! चांगलं केलं. मरेपर्यंत परमुलखात राहाचं काय?” मग पाटीपुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मोठ्यानं वाचून काढली. लेकीचं नाव पाटीवर बघून त्यांचे डोळे भरून आले. पुढचं नावही त्यांनी तेवढ्याच मोठ्यानं वाचलं.

पूजा झाली. हळदीकुंकवाची बोटं चौकटीवर उठली, वर आंब्याचा डहाळा बांधला, नवधान्याची पुरचुंडी बांधली. भीमसिंगनं दोन गड्यांना हाताशी घेऊन चौकट उभी केली, ओळंबा सोडला. लोखंडी गोळा हलत राहिला. सगळे श्वास रोखून बघत होते. गोळा थांबला. भीमसिंगनं एका बाजूला पाचर किंचित ठोकली, पुन्हा बघितलं आणि मान हलवली. कुणीतरी नारळ फोडला.

“आना फेटा!” धरमसिंग नाईक गरजले. वर्षानं ताट पुढे केलं. गुलाबी फेटा, कडेला सोनेरी पट्टी. चौकटीखालचा मसाला अजून ओला होता, चौकट सुटू नये म्हणून भीमसिंगनं तिला खांदा दिला होता. त्यानं मोकळ्या हातानं डोक्यावरचा दुपट्टा सोडला आणि खांद्यावर टाकला. केस थोडे विस्कटले होते, ते सारखे केले.

“कुठी हायेत राजकुमार ढोले?” नाईकांनी विचारलं. “या साहेब, असे समोर या.”

राजकुमार मागे, विटांच्या चळतीपाशी उभा होता. तो गडबडला. “नाही जी नाईकसाहेब, मी फक्त सही करतो. मिस्त्री तर काका आहेत.”

नाईक त्याच्याकडे आणि मग भीमसिंगकडे बघून मोकळेपणानं हसले. “हे? हे तं आमचे व्याही! हे तं घरधनी. घरधन्यालेच फेटा बांधला तं मंग घर कोनाचं म्हनाचं? असा फेटा बाहेरच्याले देतात साहेब, घरच्याले नाही. घरच्याले परकं करनं होते ते.”

भीमसिंगनं संजयकडे बघितलं. एकदाच. पोरगा काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं.

संजय बोललाही. पुढे येऊन त्यानं काकाच्या गळ्यात हात टाकला, आणि त्याच्या आवाजात इतकी माया होती की खोट काढायला जागाच नव्हती. “खरं हाय. काकाले काय फेटा? काका तं आपले घरचे हायेत. बाप गेल्यावर मले आता काकाच बाप.”

“व्हय तं!” बिजलीभाभी म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. सगळ्यांना भरून आलं. राजकुमार अजून हात हलवून नाही नाही म्हणत होता.

तेव्हा भीमसिंगच म्हणाला, “घ्या बांधून साहेब. मुहूर्त चालला.”

नाईकांनी राजकुमारला फेटा बांधला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. नंतर तो फोटो घरच्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर गेला, त्यात मधोमध फेटेवाला राजकुमार, बाजूला नाईक, संजय आणि वर्षा. आणि मागे चौकटीला खांदा लावून उभा असलेला भीमसिंग, अर्धा दिसणारा. चौकट सोडून त्याला हलता येत नव्हतं.

वाईट वाटलं त्याला. खूप वाईट वाटलं. तिकडे होता तेव्हा तो मिस्त्री होता, म्हणून कुणाच्या घरचा नव्हता; लोक फेटा बांधायचे आणि जेवायला ओसरीवर वाढायचे. इथं आला, घरचा झाला, तर मिस्त्री राहिला नाही. इतक्या प्रेमानं कुणी नाकारावं असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. रागवायचं तरी कोणावर? संगीता मॅडम बरोबर होत्या, नाईक बरोबर होते, पोरगं तर जीव टाकत होतं.

जेवणाच्या पहिल्या पंगतीत त्याला नाईकांशेजारी बसवलं. वर्षानं वाकून पुरी वाढली, “घ्या ना काका, आज तुमीच नाही जेवले तं कसं?” तो जेवला. नाईक कापसाच्या भावाबद्दल बोलत होते, तो व्हय व्हय म्हणत होता. गोड खाल्लं, तोंडात फिरत राहिलं.

दुपार कलली आणि पाहुणे निघाले. संजयची ड्यूटी होती. भाभी नातवंडांना घेऊन गेली. राजकुमार मात्र मोटारसायकलपाशी रेंगाळत होता. सगळे गेल्यावर तो आला. फेटा डोक्यावरून उतरवून त्यानं त्याची नीट घडी घातली होती.

“काका, हा तुमचा आहे. ठेवा.”

“नाही साहेब.”

“खरंच सांगतो, मले लाज वाटून राह्यली. मी काय केलं?”

“रिंगा जवळ घ्या म्हून कोनं सांगतलं? तुमीच ना.” भीमसिंगनं ती घडी त्याच्याकडे परत सारली. “अन् एक ऐका. मी गेलतो लायसनसाठी, तं मॅडमनं मले इचारलं, भिंत पडली तं कोनाले धरू? ते खरं हाय. हे भिंत पडली तं मले कोनी नाही धरनार साहेब, मी तं घरचा हाय. तुमाले धरतीन. ज्याले धरतीन, त्याच्याच डोक्शावर फेटा पाह्यजे. घरी न्या. आईले दाखवा.”

राजकुमार वाकला आणि भीमसिंगच्या पायाला हात लावून निघून गेला. त्याच्या गाडीचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आला.

मग प्लॉटवर कुणी नव्हतं. भिंतीवरची गोधडी वाळून कडक झाली होती. भीमसिंगनं ती ओढून काढली, नव्या चौकटीपाशी विटांवर बसला आणि मांडीवर पसरली. तांबडा, केशरी, लिंबू, जांभळा. रेड्डीचं घर, दवाखान्याचं घर, नरसय्याचं घर. मधे मांजरपाटाचा चौकोन. जमनी गेल्यापासून त्यानं त्या चौकोनावर असा हात ठेवला नव्हता, आज ठेवला. “नाही मिळाला वो,” तो मोठ्यानं म्हणाला. “मी चौकट बसवली. पन फेटा नाही मिळाला.” आणि मग एकटाच असल्यामुळे तो रडला, मोठ्या माणसानं रडावं तसं, तोंड वेडंवाकडं करून.

रडून झाल्यावर त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. या दुपट्ट्यानं त्यानं घाम पुसला होता, घमेल्याखाली चुंबळ केली होती, जमनीच्या तोंडावरून शेवटचा हात फिरवला तेव्हा डोळे याच्यातच लपवले होते. सिमेंटचे डाग धुऊन जात नव्हते. त्यानं तो नळावर स्वच्छ धुतला, पिळला, चौकटीवर टाकून वाळवला. उजेड होता तोवर पोतं शिवायचा दाभण काढला, मिस्त्रीची दोरी लावून माप घेतलं, पात्यानं कापडाचा तुकडा कापला आणि त्या चौकोनावर ठेवून शिवायला बसला. टाके भले मोठे पडले. जमनी हसली असती. पण एकही टाका ओळ सोडून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिजलीभाभी चहाची किटली घेऊन आली तेव्हा भीमसिंग परांचीवर उभा राहून चौकटीच्या अंगची भिंत चढवत होता. ऊन आत्ताच चटकायला लागलं होतं.

“भिमा, डोक्शावरचा दुपट्टा कुठी गेला तुहा?”

“लागला एका जाग्यावर.”

“अन् ऊन लागन ते?”

“लागू दे भाभी. वीट दे.”

ती वीट द्यायला वाकली, आणि त्याच वेळी भीमसिंगच्या खिशातला फोन वाजला. त्यानं थापी मसाल्यात खोचली, हात सदऱ्याला पुसला आणि फोन कानाला लावला. नरसय्या होता. वरच्या मजल्याची चौकट आली होती. आता तरी कधी येता, असं विचारत होता.

“मेस्त्रीगारू?”

भीमसिंगनं पुढ्यातल्या चौकटीकडे बघितलं.

“मेस्त्रीगारू, ऐकू येतं का?” नरसय्या तिकडून तेलुगूत ओरडला.

ऐकू स्वच्छ येत होतं. येणार नाही, एवढंच सांगायचं होतं. लायसन संपलं, खोली गेली, आता मी घरी आहे. दोन शब्दांचं काम. पण भीमसिंगनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“आवाज येत नाही,” तो तेलुगूत म्हणाला. “पुन्हा बोला.”

“मेस्त्रीगारू! मेस्त्रीगारू!”

खाली बिजलीभाभी हातात वीट घेऊन उभी होती. भीमसिंग उघड्या डोक्यानं परांचीवर उभा राहून ऐकत होता.